मिटायची एवढी काय घाई?

संगणकाच्या पडद्यावरचा मेन्यू किती वेळाने मिटावा, यासाठी अजून कोणी मोर्चा काढलेला नाही. पाणी, वीज, रस्ते, शाळाप्रवेश हे सगळं डोक्यावर असताना अर्ध्या सेकंदाचं गाऱ्हाणं घेऊन जायचं कुणाकडे? आणि गेलंच, तर "नेमकी तक्रार काय आहे तुमची?" या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं? "साहेब, मी पोचायच्या आत तो मिटतो." एवढं ऐकून साहेब जेवायला निघून जातील.

पण दुःख खरं आहे. वेबसाइटच्या माथ्यावर एक पट्टी असते. तिच्यावरच्या एखाद्या शब्दावर माउसचा बाण नुसता नेला, क्लिकही केलं नाही, तरी खाली यादी उलगडते. याला वेबसाइटी बनवणाऱ्यांच्या धंद्यात होव्हर मेन्यू म्हणतात. उघडताना तो मोठा अगत्यशील असतो. आपण खूश होऊन यादीतली आपली ओळ धरायला निघावं, वाटेत बाण केसभर बाहेर जावा, आणि सगळी यादी गडप. परत वर जायचं, परत उघडायचं. दुसऱ्या खेपेला माणूस जपून जातो, तिसऱ्या खेपेला श्वास रोखून जातो, आणि त्यानंतर घरातल्या शाळकरी मुलाला हाक मारतो.

आमच्या नानांनी मदतीसाठी कुणाला हाक मारली नाही. त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावून घेतलं. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर एमएस-सीआयटीच्या वर्गात नातवाच्या वयाच्या पोरांबरोबर बसून त्यांनी परीक्षा दिली आणि प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं. त्यामुळे पडद्यावर एखादी गोष्ट जमत नसेल तर दोष पडद्याचाच, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. "तू त्याच लाइनीत आहेस ना? मग बस इथं आणि नुसतं बघ," ते म्हणाले. मी पोटासाठी वेबसाइटी बनवतो, हे नानांच्या लेखी 'त्या लाइनीत' असणं. समोर उघडलेली वेबसाइट माझी नव्हती, एवढाच काय तो दिलासा.

ती होती एका पतसंस्थेची. वरच्या पट्टीत 'योजना' असा शब्द. त्यावर बाण नेला की खाली चार ओळी: ठेव योजना, कर्ज योजना, लॉकर, इतर सेवा. 'ठेव योजना'वर थांबलं की तिच्या उजव्या अंगाला आणखी एक यादी: बचत ठेव, आवर्ती ठेव, मुदत ठेव, दामदुप्पट आणि सगळ्यात तळाला, वयोमान लक्षात घेऊनच जणू, ज्येष्ठ नागरिक ठेव. नानांना तिथंच जायचं होतं. माउसखाली गेल्या वर्षीच्या कालनिर्णयचं पान होतं. अंगठा आणि करंगळी यांनी माउस दोन्ही बाजूंनी धरायचा, मधली तीन बोटं अधांतरी ठेवायची आणि क्लिक करायचा प्रसंग येईल तेव्हाच तर्जनी खाली उतरवायची, ही नानांची पद्धत. बाण 'ठेव योजना'वर आला. उजवीकडची यादी उघडली. नानांनी तळाशी असलेले ज्येष्ठ नागरिक बघून ठेवले आणि बाण थेट त्यांच्या दिशेने सोडला.

थेट म्हणजे तिरका. तिरक्या वाटेवर 'ठेव योजना'च्या बरोब्बर खाली 'कर्ज योजना' होती. बाणाचं टोक तिच्यावरून क्षणभर गेलं असेल नसेल, तेवढ्यात ठेवींची यादी मिटली आणि त्याच जागी कर्जांची उघडली. नानांचा हात आपल्या वेगाने पुढे गेला आणि थांबला तो 'सोनेतारण कर्ज' या ओळीवर.

"बघितलंस?" नाना म्हणाले. "मी ठेव ठेवायला निघालो, तर हे मला घरातलं सोनं गहाण टाकायला सांगतात."

"नाना, आधी सरळ उजवीकडे जायचं. त्या ओळीच्या बाहेर पडायचं नाही. पलीकडच्या यादीत शिरलात की मग खाली उतरायचं."

"म्हणजे काटकोनात?"

"हो."

"समोर दिसतंय तिथं जायला काटकोनात? अरे, लेखा विभागातसुद्धा असं कोणी करत नसे."

नानांनी शेवटी शाखेत फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "काका, सगळं वेबसाइटवर दिलंय, बघा ना."

नाना जे म्हणत होते तेच ब्रूस टॉग्नझिनी नावाचे गृहस्थ अॅपल कंपनीत असताना म्हणून गेले होते. १९८०च्या दशकाच्या मध्यावर मॅकिंटॉश संगणकात मेन्यूच्या आत मेन्यू आणायचं ठरलं, तेव्हा त्याचे नियम आखायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी माणसाचा हात बघितला. हात कोपरावर फिरतो. म्हणून तो डावीकडून उजवीकडे जाताना सरळ रेघ न मारता कमान काढतो. सरळ रेघेत जायचं तर कोपर रुळावर बसवावं लागेल, आणि ती सोय निसर्गाने केलेली नाही. म्हणून त्यांनी पहिल्या यादीपासून दुसऱ्या यादीकडे रुंदावत जाणारी एक अदृश्य पाचर आखली. बाण त्या पाचरीच्या आत आहे तोवर वाटेत कुठलीही ओळ लागो, उघडलेली यादी मिटवायची नाही. हाताने जितकं पुढे जावं तितकी त्याला चुकायची मुभा वाढत जावी, असा तो हिशेब. पाचर पडद्यावर दिसत नसे, तिचं नाव कुठल्या जाहिरातीत नसे. वापरणाऱ्याला फक्त एवढंच जाणवे की इथं काही अडत नाही.

हाताच्या या मर्यादा त्याआधीच मोजून झाल्या होत्या. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली माणसांना हातात टोकदार कांडी देऊन दोन धातूच्या पट्ट्यांवर आळीपाळीने टोकायला लावलं. त्याने पट्ट्यांमधलं अंतर आणि त्यांची रुंदी बदलून बघितली. लक्ष्य जितकं दूर आणि जितकं अरुंद, तितका तिथं पोचायला वेळ जास्त; हा त्यातून निघालेला नियम आजही पडद्यावरचं प्रत्येक बटण आखताना आठवावा लागतो. पुढे १९९७ साली जॉनी अॅकॉट आणि शुमिन झाई यांनी त्याला जोड दिली: नुसतं लक्ष्य गाठायचं नसून एखाद्या बोळातून कडेला न लागता जायचं असेल, तर बोळ जितका लांब आणि जितका चिंचोळा, तितका वेळ वाढतो. नानांची 'ठेव योजना' ही ओळ असाच बोळ होती. उंची बोटाच्या पेरापेक्षाही कमी, लांबी तिच्या सहा-सात पट, आणि दोन्ही कडांना पहारा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या हाताने त्यातून कुठेही न टेकता पार व्हायचं, अशी त्या पानाची अपेक्षा होती.

पानाला असं निर्दय म्हणणं बरं नव्हे, कारण त्याला नानांबद्दल काहीच माहीत नसतं. ब्राउझरला कळतो तो फक्त एक ठिपका, बाणाचं टोक. त्या टोकाचे दोन आकडे: डावीकडून इतकं, वरून इतकं. मेन्यूची प्रत्येक ओळ त्याच्या लेखी एक चौकट असते. टोक चौकटीत शिरलं की ब्राउझर 'आला' अशी नोंद करतो, बाहेर पडलं की 'गेला'. इथवर तो बिचारा खरंच बोलतो. 'गेला' म्हणजे 'याला आता हे नको आहे' हा अर्थ ब्राउझर काढत नाही. तो पान बनवणाऱ्याने काढलेला असतो. आणि तो चूक असतो. माणूस जागचा हलला म्हणून त्याचं मन बदललं असं होत नाही. बहुतेकदा तो हव्या असलेल्या गोष्टीकडे जायलाच हललेला असतो.

याहून बारीक एक सापळा आहे, तो सौंदर्यदृष्टीतून जन्माला येतो. पट्टीवरचा शब्द आणि त्याखाली उघडणारी यादी एकमेकांना चिकटलेली बरी दिसत नाही, म्हणून डिझायनर मध्ये चार-पाच पिक्सेलची फट ठेवतो. दिसायला छानच दिसतं. पण ती फट शब्दाची नसते आणि यादीचीही नसते. बाण शब्दावरून यादीकडे निघतो, मधल्या फटीत पाऊल टाकतो आणि त्या क्षणी तो कुणाचाच नसतो. मेन्यू मिटतो. गंमत अशी की बाण भरकन नेला तर तो फटीवरून उडी मारून जातो आणि काही होत नाही. सावकाश नेला तरच फसतो. म्हणजे जो जपून जातो त्यालाच शिक्षा. यावर उपाय साधा आहे. तेवढीच मोकळी जागा बाहेरून न ठेवता यादीच्या चौकटीच्या आतून ठेवायची. दिसायला फट तशीच राहते, पण ब्राउझरच्या लेखी ती यादीचीच जमीन होते.

फट बुजवली तरी तिरकी वाट उरतेच. तिच्यासाठी जे करावं लागतं त्यात नवल वाटावं असं काही नाही: थांबायचं. टोक बाहेर पडलं की यादी लगेच मिटवायची नाही, मिटवायची वेळ लावून ठेवायची. पानाला हालचाल शिकवणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत त्यासाठी सेटटाइमआउट आहे. 'अर्ध्या सेकंदाने हे कर' असं त्याला सांगता येतं. तेवढ्यात टोक परत आलं किंवा सबमेन्यूत, म्हणजे आतल्या यादीत, जाऊन पोचलं, तर क्लिअरटाइमआउटने ती वेळ रद्द करायची. ही जोडी आहे. नवशिका पहिलं लिहितो आणि दुसरं विसरतो. मग होतं असं की माणूस वेळेत पोचलेला असतो, यादीतल्या ओळीवर तर्जनी उतरवत असतो, आणि मघाशी सुटलेला हुकूम येऊन त्याच्या हाताखालून यादी काढून घेतो. पानाचं रूप ठरवणाऱ्या नुसत्या सीएसएसमध्येही हे जमतं: दिसायला लागताना शून्य विलंब आणि नाहीसं होताना अर्ध्या सेकंदाचा विलंब, एवढं लिहिलं की झालं. हे सगळं मी नानांना समजावून सांगितलं. त्यांना ते झटकन कळलं. "म्हणजे हुकूम निघालेला असतो, पण अंमलबजावणीला स्थगिती असते," ते म्हणाले. "आणि अर्जदार वेळेत हजर झाला तर हुकूम रद्द. बरोबर आहे. असंच पाहिजे." मी वीस ओळींत लिहिलेला प्रोग्राम जिल्हा परिषदेच्या भाषेत अडीच वाक्यांत बसला.

इतकी सोपी गोष्ट वेबवर सुरुवातीपासून का नव्हती? कारण वेबवर मेन्यू उघडणं हीच मुळात कर्तबगारी होती. २००१ साली आलेला इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा ब्राउझर बाण वर आल्याची दखल फक्त लिंकवर घेई. यादीच्या ओळीवर बाण आला तर तो ढिम्म हलत नसे. २००३च्या नोव्हेंबरात पॅट्रिक ग्रिफिथ्स आणि डॅन वेब यांनी 'अ लिस्ट अपार्ट' या नियतकालिकात एक युक्ती मांडली: मेन्यू सगळा सीएसएसमध्ये आणि त्या अडेल ब्राउझरची समजूत घालायला जावास्क्रिप्टच्या मोजक्या ओळी. तिचं नाव सकरफिश. देवमाशांना आणि शार्कला चिकटून फिरणारा हा मासा जगभरच्या वेबसाइटींना चिकटला. मेन्यू उघडतोय याचाच आनंद इतका झाला की तो मिटतो कसा हे बघायला कुणाला सवड नव्हती. पुढे जोएल बर्च यांनी त्याच घराण्यातला सुपरफिश काढला, आणि त्यात ठरावीक वाट बघण्याची सोय आली. काही न सांगता वापरला तर तो बाण बाहेर गेल्यावर ८०० मिलिसेकंद यादी धरून ठेवत असे.

८०० म्हणजे पाऊण सेकंदाहून थोडं जास्त. बरोबर आकडा कोणता, यावर जाणत्यांचं एकमत नाही. विंडोजच्या पोटात 'मेन्यूशोडिले' अशी एक नोंद असते, तिच्यात मुळात ४०० हा आकडा लिहिलेला असतो. पोटमेन्यू उघडण्याआधी इतके मिलिसेकंद थांब, असा त्याचा अर्थ. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात यावर आयुष्यभर लिहिणाऱ्या जेकब नील्सन यांनी २००९ साली मोठ्या मेन्यूंसाठी अर्धा सेकंद सांगितला: उघडण्याआधी अर्धा सेकंद थांबा, आणि बाण बाहेर गेल्यावरही अर्धा सेकंद थांबा, पण एकदा उघडायचं किंवा मिटवायचं ठरलं की सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत उरका. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेच्या शिकवणीत सबमेन्यू मिटवण्याआधी चक्क एक सेकंद थांबायचा नमुना दिला आहे. समोर काही बदललेलं दिसून हाताने त्यावर काही करायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. त्यापेक्षा कमी वेळ देणं म्हणजे न दिल्यासारखंच, एवढं तरी यातून ठरतं.

उघडण्याआधी थांबायचं ते का, हेही सांगायला हवं, कारण बऱ्याच जणांना तो आळस वाटतो. विंडोजमधला तो ४००चा आकडा शून्यावर आणा म्हणजे संगणक वेगवान होईल, असा सल्ला एके काळी घराघरांत फिरत होता. आकडा शून्य केला की मेन्यू खरंच वेगवान होतात. इतके, की बाण नुसता वरून गेला तरी वाटेतला प्रत्येक पोटमेन्यू तोंड उघडून उभा राहतो. वेबवर याचं उत्तर ब्रायन चर्न यांनी २००७ साली 'होव्हरइंटेंट' या छोट्या प्लगइनमधून दिलं. ते बाण कुठे आहे याबरोबर तो किती जोरात चालला आहे हेही बघतं. दर १०० मिलिसेकंदांनी जागा तपासायची. बाण मंदावून जवळजवळ थांबला असेल तरच समजायचं की या गड्याला इथं काही काम आहे. बाकीचे नुसते जाणारे-येणारे.

आता थांबणं चांगलं म्हणून कितीही थांबावं असं मात्र नाही. आपलं काम संपलं, बाण खाली मजकुरावर आला, तरी यादी दीड-दोन सेकंद तशीच लोंबकळत राहिली, तर ती नेमकी आपल्याला वाचायच्या परिच्छेदावर बसते. शेजारच्या शब्दावर बाण नेला तर दुसरी यादी उघडते आणि पहिली जायचं नाव घेत नाही. दोघी एकमेकींवर चढून बसतात. त्यापेक्षा लगेच मिटणारी परवडली, असं म्हणायची पाळी येते. म्हणून दुसरी यादी उघडताना पहिलीची स्थगिती तत्काळ उठवायची, हा त्यातला पोटनियम.

वेळेच्या या सगळ्या हिशेबाला एक मर्यादा आहे. घड्याळ सगळ्यांना सारखंच थांबायला लावतं. ज्याला खरंच खालच्या ओळीवर जायचं आहे, त्यालाही ते उगाच ताटकळत ठेवतं. २०१३ साली बेन केमेन्स या प्रोग्रामरने अॅमेझॉनच्या दुकानातला मोठा मेन्यू उलगडून दाखवला. तो मेन्यू वरखाली जाताना झटकन बदलत होता आणि तरी तिरकं जाताना मिटत नव्हता. त्यात बाणाच्या टोकापासून उघडलेल्या यादीच्या वरच्या आणि खालच्या कोपऱ्यापर्यंत क्षणोक्षणी एक त्रिकोण कल्पिला जातो. बाण त्रिकोणाच्या आत सरकत असेल तर तो यादीकडे निघाला आहे, थांबा. त्रिकोणाबाहेर जात असेल तर त्याला दुसरं काही हवं आहे, लगेच बदला. केमेन्सने तेच तंत्र सगळ्यांना फुकट वापरता यावं म्हणून खुलं करून दिलं. टॉग्नझिनींची पाचर सुमारे पाव शतक फिरून वेबवर आली होती. घड्याळाचं सबुरीने घेणं चांगलंच. पण माणूस कुठे निघाला आहे हे बघून सबुरी करणं त्याहून चांगलं.

हे सगळं ठाऊक असूनही घाईने मिटणारे मेन्यू रोज नव्याने बनतात. त्यात दुष्टपणा नसतो. बनवणाऱ्याचा हात त्या मेन्यूला सरावलेला असतो. दिवसभर तोच मेन्यू तपासून तपासून त्याचं मनगट आपोआप काटकोनात वळायला शिकतं; त्याच्यासमोर तो कधीच मिटत नाही. मग तो गिऱ्हाइकासमोर प्रात्यक्षिक दाखवतो. मोठा पडदा, नवा माउस, बनवणाऱ्याचाच हात. मेन्यू सुरेख उघडतो, सुरेख मिटतो. अध्यक्ष विचारतात, "आपला लोगो जरा मोठा करता येईल का?" लोगो मोठा होतो आणि वेबसाइट पास होते. मेन्यू अर्धा सेकंद थांबतो का, हे कुठल्याही बैठकीत कुणी विचारत नाही, आणि थांबत असेल तर त्याचे पैसेही कुणी वेगळे लावत नाही. मिटला नाही म्हणून कुठल्या मेन्यूचं कौतुक होणार?

कुणी म्हणेल, आता हे दुखणं राहिलंय कुठे. सगळे तर फोनवर असतात. खरं आहे. २००७ साली आयफोन आला आणि पडद्यावर बोट आलं. बोट एक तर काचेवर असतं किंवा नसतं. क्लिक न करता वर नुसतं रेंगाळणं त्याला येत नाही. त्यामुळे होव्हर मेन्यूची फोनवर उलटीच गत झाली. पहिल्या टिचकीला आयफोनचा ब्राउझर ती बाण वर आल्यासारखी समजून यादी उघडतो आणि मग ती मिटायला तयार नसते. भलतीकडे टिचकी मारून तिला घालवावं लागतं. म्हणून फोनवर तीन आडव्या रेघांचं बटण आलं, टिचकीला उघडायचं आणि टिचकीला मिटायचं. पण बँकेतले, कचेरीतले, कॉलेजातल्या प्रयोगशाळेतले संगणक अजून माउसवरच चालतात, आणि नानांसारखी माणसं ठेवीचे व्यवहार मोठ्या पडद्यावर, चष्मा पुसून, दोनदा वाचूनच करतात.

शिवाय प्रश्न एकट्या नानांचा नाही. कंप असलेला हात, सांधे धरलेली बोटं, बारीकसा टचपॅड, आणि दृष्टी अधू म्हणून पडदा पाच-सहा पट मोठा करून त्याचा एकेक तुकडा बघणारी माणसं, या सगळ्यांची वाट तिरकी आणि सावकाश असते. त्यांच्यासाठी डब्ल्यू-थ्री-सीने २०१८ साली वेबच्या सुगम्यतेच्या नियमांत एक कलम घातलं, १.४.१३ क्रमांकाचं. बाण वर नेल्याने जे काही उघडतं त्याला तीन अटी. बाण न हलवता, एस्केपसारख्या बटणाने ते घालवता आलं पाहिजे. बाण त्याच्यावर नेला तर ते नाहीसं होता कामा नये. आणि माणूस स्वतः बाजूला होईपर्यंत किंवा ते घालवेपर्यंत त्याने टिकून राहिलं पाहिजे. भारत सरकारने आपल्या वेबसाइटींसाठी आखलेल्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ साली आली, तीही याच नियमांना धरून आहे. म्हणजे सुरुवातीला मी ज्याला मोर्चाच्या लायकीचं मानलं नाही, ते गाऱ्हाणं कुणीतरी आधीच रीतसर दाखल करून मंजूरही करून घेतलेलं आहे. अंमलबजावणी व्हायची आहे, एवढंच.

तेव्हा या लाइनीतल्या माझ्या भावाबहिणींना एक विनंती. जमेल तिथे मेन्यू क्लिकवर उघडा, म्हणजे ही सगळी भानगडच मिटेल. होव्हरच ठेवायचा असेल तर फट बुजवा, मिटवण्याआधी अर्धा सेकंद थांबा आणि माणूस परतला तर हुकूम मागे घ्यायला विसरू नका. आणि पान गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी, ते पूर्वी कधीच न पाहिलेल्या, साठी ओलांडलेल्या एखाद्या माणसाच्या हातात माउस द्या आणि मागे गप्प उभे राहा. सूचना द्यायच्या नाहीत. आणि वाचकहो, तुमच्या पुढ्यात मेन्यू मिटला तर स्वतःच्या हाताला बोल लावू नका. हात तिरकाच जाणार. ते गृहीत धरणं हे पान बनवणाऱ्याचं काम आहे, आणि त्याला त्याचेच पैसे मिळतात.